इटलीवालीच्या जागी बाबा

सर कुणाशीही बोलायला लागले की आधी एक डोळा मिटत, हात लांब करून अंगठा उभा धरत आणि त्या अंगठ्याने समोरच्याचं नाक मोजत. नमस्कार त्यानंतर. पुलगावात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला चिडवतो आहे. जुन्यांना सवय झाली होती. बाजारातली भाजीवाली तर ते दिसले की तराजू खाली ठेवून म्हणायची, "घ्या मोजून, मंग वांगे सांगा."

ते शाळेत चित्रकला शिकवायचे. राहायला नाचणगावला. तिथून रोज मडगार्ड नसलेल्या सायकलवर येत, त्यामुळे पावसाळाभर त्यांच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ असे. ब्रश पुसायला फडकं म्हणून त्यांनी कधी वापरलं नाही. शर्टाची डावी बाही होती ना! उजवी बाही पांढरीशुभ्र, डावी होळीतून आल्यासारखी. त्यांच्या बायकोने ती धुण्याचा नाद कधीच सोडला होता.

मी त्यांच्याच हाताखाली शिकले. सातवीत असताना त्यांनी एकदा सांगितलं, "आपल्या आईचे हात काढा." आम्ही चाळीस पोरींनी भराभर काढले. सर एकेक वही बघत फिरले आणि माझ्यापाशी थांबले. "बांगड्या झकास काढल्या, बेटा. बोटं भेंडीची आहेत. रोज या हातचं जेवतेस अन् माहीत नाई कसे आहेत? घरी जाऊन पाहजो." मी घरी जाऊन पाहिले. आईच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता, वाटाण्याएवढा. बारा वर्षं मी तो पाहिलाच नव्हता. "पाहाले डोळे नाई लागत, वेळ लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही ते त्यांच्यामागे नाकात बोलून दाखवायचो, पण मी त्या दिवसापासून ते खरं मानत आले.

सरांचं वेड म्हणजे एक बाई. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका उस्तादाने रंगवलेली, एका हातावर दुसरा हात ठेवून बसलेली, हसते की नाही याचा पत्ता लागू न देणारी. तिचं नाव जगाला ठाऊक आहे, सर मात्र तिला नावाने कधी बोलवत नसत. "इटलीवाली" म्हणत. शाळेच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी तिचं चित्र चिकटवलं होतं आणि मधल्या सुट्टीत दार उघडून तिच्यासमोर उभ्याने डबा खात. त्यांना तिची नक्कल काढायची नव्हती. नक्कल कोणीही काढेल, असं ते म्हणत. त्यांना तीच बैठक, तोच उजेड आणि तेच न कळणारं तोंड आपल्या वर्धा जिल्ह्यात सापडायला हवं होतं. मागे इटलीचे डोंगर नाहीत, गिरडची टेकडी. इटलीचा पूल नाही, आपल्या वर्धा नदीवरचा रेल्वेचा पूल. आणि समोर बसलेलं माणूस आपल्यातलं, आजचं.

त्या माणसाच्या शोधात ते वर्षानुवर्षं फिरत होते. आंजीच्या एका लग्नात त्यांनी वरबापाला बुंदीचा लाडू तोंडाशी नेलेल्या अवस्थेत "हलू नोका!" म्हणून थांबवलं होतं. वरबाप बिचारा थांबला. अख्खी पंगत थांबली. सरांनी अंगठा धरला, बघितलं आणि म्हणाले, "नाई. घ्या खाऊन."

आणि पॅरिस. सरांनी ते मूळ चित्र पॅरिसला जाऊन पाहिलं आहे, हे अख्ख्या पुलगावाला माहीत होतं. "पॅरिसवाले सर" हीच त्यांची ओळख. एरवी ते आमच्यासारखेच बोलत, पण पॅरिसची गोष्ट निघाली की त्यांची भाषा एकदम कडक इस्त्रीची होई. "मी त्या दालनात प्रवेश केला आणि स्तब्ध झालो. दरवाजाएवढं भव्य चित्र! माझ्या नेत्रांतून अश्रू वाहू लागले." दर वर्षी नवीन वर्गाला ही गोष्ट मिळायची आणि दर वर्षी आम्ही पोरी डोळे विस्फारून ऐकायचो. दोन हजारनंतर ते निवृत्त झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हिंगणघाटला मुलीकडे राहायला गेले. तिथेही दवाखान्याच्या रांगेत बसल्या बसल्या लोकांची नाकं मोजत असत, असं मुलगी सांगायची. पण पॅरिसची गोष्ट मात्र त्यांनी तोपर्यंत सांगायची सोडली होती. ती का सोडली, तेच मला सांगायचं आहे.

आमचं दुकान हार्डवेअरचं आणि रंगांचं. खिळे, कडीकोयंडे, पाइप, पत्रे, ऑइलपेंट. बाबा सकाळी नऊला गादीवर बसले की रात्री आठला उठत. मोठा भाऊ पुण्याला नोकरीला गेला होता. मी बीकॉम होऊन घरी बसले होते आणि मला दुकानात बसायचं होतं. तसं मी दोनदा म्हणालेही. बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं काय होतं, ते सांगायला हवं. बाबा कमी बोलत. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, "शेटजी, तुमचा रंग पंधरा दिवसांत उडाला," की बाबा हाताची घडी गुडघ्यावर ठेवून त्याच्याकडे बघत राहत. ओठ मिटलेले, पण एका कोपऱ्यात काहीतरी. हसत होते म्हणावं तर हसत नव्हते. रागावले म्हणावं तर रागावले नव्हते. गिऱ्हाईक बोलत राही, बोलत राही आणि शेवटी आपणच म्हणे, "म्हंजे भिंत जराशी ओली होती म्हना... जराशी काय, ओलीच होती." मग बाबा म्हणत, "वाळू द्या भिंत. मंग दुसरा हात मारा." झालं. आई म्हणायची, "तीस वर्षं झाले लग्नाले, मले समजलं नाई हा माणूस हसते का रागावते."

सर आमच्या दुकानात यायचे ते टर्पेंटाइन न्यायला. तेव्हा दुकानातला नोकरच सामान काढून देई, बाबांशी त्यांचा संबंध पडत नसे. एके दिवशी नेमके बाबा एका प्लंबरचं गाऱ्हाणं ऐकत होते आणि सर शेजारी उभे होते. मी आतल्या दारातून बघत होते. सरांची नजर सहज बाबांवर गेली आणि तिथेच खिळली. एक डोळा मिटला. अंगठा वर आला. ते एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक, आणि मागच्या वॉर्निशच्या डब्यांच्या चळतीवर आदळले. डबे गडगडले, एकाचं झाकण उडालं, वॉर्निश पायरीवरून रस्त्यावर. सरांचं लक्ष नव्हतं.

"तेच!" ते ओरडले. "अरे बाप्पा, तेच! हलू नोका शेटजी! देवाची शपथ, हलू नोका!"

प्लंबर घाबरून गेला. बाबा हलले नाहीत. सर रस्त्यात, वॉर्निशमध्ये उभे राहून अक्षरशः नाचत होते.

बाबांना तयार करायला त्यांना दीड महिना लागला. रोज दुपारी यायचे.

"मले बाईच्या जागी बसवता, मास्तर?" बाबांनी एकदा विचारलं.

"बाई का माणूस, हे इथं येतच नाई, शेटजी. इथं फक्त बसणं आहे. तुमी जसे बसता तसेच बसायचं."

"तसा तं मी गादीवर रोजच बसतो. इथंच काढा."

"इथं उजेड समोरून येते. मले बाजूनं पाह्यजे. तुमच्या मागच्या गोदामात वरतून खिडकी आहे. दुपारी दोन ते चार तिथं असा उजेड येते, शेटजी, असा येते..." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मऊ गोळा केलं आणि बाबांपुढे धरलं.

बाबांनी त्या रिकाम्या ओंजळीकडे बघितलं. "दोन ते चार दुकान कोन पाह्यल?"

"मी पाहीन," मी आतल्या दारातून म्हणाले.

बाबा वळले, माझ्याकडे पाहिलं, तेच पाहणं. मग ते उठले आणि गोदामाकडे चालू लागले. बस. तो माझा दुकानातला पहिला दिवस.

पहिल्याच तासात मी पाऊण इंचाच्या जागी एक इंचाचा पाइप जोडायचा एल्बो दिला आणि तो माणूस दहा मिनिटांत परत आला. एक ठेकेदार आला, गादीवर मला बघून दारातच थांबला. "शेटजी कुठं गेले?" मी म्हणाले, "बसले आहेत." "कुठं?" "चित्रात." तो हसला आणि म्हणाला, "मंग मी चार वाजता येतो." दुसऱ्या आठवड्यात त्याला घाई होती, तेव्हा त्याने माझ्याकडूनच सामान नेलं. तिसऱ्या आठवड्यात तो अडीचलाच येऊ लागला, कारण मी पाइपांचे तुकडे मापाने लावून ठेवले होते आणि त्याला उकरावं लागत नव्हतं. मला दुपारी दोनची वाट बघायचं वेड लागलं. सकाळी उठल्यापासून मी घड्याळ बघायचे.

गोदामात मात्र चित्र अडलं होतं. इटलीवाली कापडावर नाही, लाकडावर रंगवलेली आहे, म्हणून सरांनी सागाची फळी आणली होती. जवसाच्या तेलात रंग स्वतः घोटले होते. बैठक बसली होती, हात झाले होते, मागे गिरडची टेकडीही उभी राहिली होती. पण तोंड येईना. कारण बाबा नुसते बसले की त्यांच्या तोंडावर ते नसे. ते यायचं समोरचा थाप मारत असला म्हणजेच.

हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते धावत दुकानात आले. "बेटा, मले थापा पाह्यजेत!"

"कोणाच्या?"

"कोनाच्याबी! मले मारता येत नाई!"

खरंच येत नव्हत्या. गोदाम आणि दुकान यांच्यामध्ये फक्त जाळीचं दार होतं, मला सगळं ऐकू यायचं. सर रंगवता रंगवता सांगत, "शेटजी, काल नाचणगावच्या विहिरीत मगर निघाली." बाबा म्हणत, "ही नोको मास्तर, जरा बरी सांगा." मग सरांना युक्ती सुचली. पोरी चित्राची वही न आणण्याची जी कारणं देत, ती ते चिठ्ठीवर लिहून आणू लागले आणि स्वतःची म्हणून सांगू लागले. "शेटजी, वही बकरीनं खाल्ली." मग सरांचा आनंदाने चिरकलेला आवाज, "आलं! आलं! तसंच राहू द्या! अन् उरलेली, शेटजी, उरलेली मामाच्या गावाले राह्यली!" मी खिळे तोलता तोलता हसून बेजार व्हायचे. गिऱ्हाईकं विचारायची, आत काय चाललं आहे. मी म्हणायचे, शाळा.

चिठ्ठ्या संपल्या. कारणं तीच तीच येऊ लागली आणि बाबांचं तोंड पुन्हा रिकामं झालं. मग एका दुपारी सरांनी नाइलाजाने आपली हुकमाची गोष्ट काढली. जाळीतून तो इस्त्रीचा आवाज आला, "मी त्या दालनात प्रवेश केला आणि स्तब्ध झालो..."

सर बोलत गेले. दरवाजाएवढं चित्र, अश्रू, पहारेकऱ्याने दिलेला रुमाल. बाबा बघत असणार, मला कळत होतं. सर बोलत राहिले. मग वाक्यं तुटायला लागली. मग ते थांबले. मी हातातला डबा खाली ठेवला.

"शेटजी," सर हळूच म्हणाले, आणि आवाज एकदम नाचणगावचा झाला, "मी पॅरिसले गेलतोच नाई."

ब्रश डब्यात टाकल्याचा आवाज आला.

"मले चित्रकलेच्या कॉलेजातबी घेतलं नोतं. दोनदा गेलतो मुंबईले परीक्षेले, दोन्ही बार नापास. घरी काय सांगू? म्हन्तलं, पॅरिसले जातो. मावशीकडे चार महिने राह्यलो अकोल्याले, अन् वापस आलो. एक कॅलेंडर आहे माह्यापाशी. तेवढंच."

"माईत होतं," बाबा म्हणाले.

"कवापासून?"

"पोरीनं तुमची गोष्ट घरी येऊन पयल्यांदा सांगतली तवापासून. त्यात थंडीचं काईच नोतं. एवढ्या दूर गेलेला माणूस वापस आला का पयले थंडी सांगते, मंग बाकीचं."

"अन् काऊन नाई बोलले मंग?"

"तुमी सांगालच कधी तरी," बाबा म्हणाले. "मले घाई नोती."

मला वाटलं आता सर रडतील. त्याऐवजी आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि सर किंचाळले, "हलू नोका! आई शप्पथ, शेटजी, पापणीबी हलवू नोका! हे थापेचं नोतंच कधी! हे... हे तं..." पुढचं ऐकू आलं नाही, फक्त ब्रशाची फळीवर चाललेली खसखस. चार वाजले, उजेड गेला, तरी ते थांबले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही बाह्या रंगाने भरल्या होत्या. "आलं, बेटा," एवढंच म्हणाले आणि सायकल हातात धरून पायीच नाचणगावला गेले. बसायचं विसरले.

पुरं झालेलं चित्र त्यांनी आम्हाला दाखवलं नाही. फळी चादरीत गुंडाळून ते परस्पर नागपूरच्या प्रदर्शनाला घेऊन गेले. दर वर्षी त्यांचं चित्र तिथून परत येई. या वर्षी आलं नाही. आला तो वर्तमानपत्रात छापलेला फोटो.

बाबांनी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं ते सकाळच्या चहाबरोबर, काळ्या-पांढऱ्यात. हातावर हात. मागे टेकडी, पूल. आणि डोक्यावर, इटलीवालीच्या असतो तसा, एक पातळ काळा पदर. मिशा बाबांच्या, धोतर बाबांचं, पदर बाईचा. आई वाकून बघत होती, ती सरळ झाली. बाबांनी पेपर नीट घडी केला आणि गादीखाली ठेवला. तेव्हापासून सर दिसेनात. त्यांनी वाटच बदलली होती, बाजाराला मागून वळसा घालून जात.

फळी गेल्यावरही बाबा दोनला सवयीने गोदामात जाऊन बसत; त्या दिवशी दुपारी दोन वाजले. बाबा गादीवरून उठले नाहीत. मी आतल्या दारात उभी राहिले. आता गोदामात बसणं संपलं होतं. माझं दुकानही संपलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाजारातले तीन व्यापारी आले. त्यांच्यात कापडवाले शेट पुढे. खुर्च्यांवर बसले आणि कापडवाल्यांनी सुरुवात केली.

"शेट, हे बरं नाई झालं. तुमाले बाई बनवून टाकलं त्यानं. गाव हसून राह्यलं. बाजाराची इज्जत आहे. आमी म्हणतो, थे चित्र जाळाले लावा."

बाबांनी हात गुडघ्यावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"जाळणं म्हंजे... नाई, जाळू नोका," कापडवाले म्हणाले. "पण माफी मांगावं त्यानं. चारचौघांत."

बाबा बघत होते.

"चारचौघांत म्हंजे इथं, दुकानात आला तरी चालते. बरं, माफीचं राहू द्या. थो पदर तेवढा पुसून टाकावा." बाकीचे दोघं चुळबुळू लागले. कापडवाल्यांनी घाम पुसला. "आता पदर तं पातळच आहे म्हना, मांगचं सगळं दिसते..." मग ते एकदम खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "खरं सांगू का, शेट? दोन वर्षांआधी थो माह्या दुकानात आलता. तासभर पाह्यलं माह्याकडे अंगठा धरून. मी मान ताठ करून बसलो. अन् म्हणे, नाई, तुमच्यात काई नाई. मले लई लागलं थे."

"चहा घ्या," बाबा म्हणाले.

ते गेल्यावर बाबांनी मला हाक मारली. "उद्या दुकान बंद. तुह्या मायले सांग, नागपूरले जाऊन राह्यलो."

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही तिघं गेलो. बाबा खिडकीपाशी बसले होते आणि वर्धा आलं, सेलू गेलं, तरी त्यांची मान बाहेरच. मला भीती वाटत होती की हे तिथे जाऊन चित्र उतरवायला लावतील. आई मला कोपराने ढोसून विचारत होती, "रागात आहे का?" मला कुठून ठाऊक!

दालनात बरीच गर्दी होती आणि सगळ्यात जास्त गर्दी एकाच भिंतीपाशी. आम्ही मागून बघितलं. सर एका खांबाआड, लग्नातला कोट घालून उभे होते. आम्हाला पाहताच ते खांबाच्या पलीकडे सरकले. बाबा गर्दीतून पुढे गेले आणि स्वतःसमोर उभे राहिले.

रंगात ते वेगळंच होतं. वरून येणारा तो दुपारचा उजेड बाबांच्या कपाळावरून गालावर आणि तिथून हातांवर उतरला होता. बाबांच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख, लोखंडाने पडलेले घट्टे, सगळं होतं. आणि ते तोंड. बघायला आलेली कॉलेजातली पोरं कुजबुजायला लागली, "हेच आहेत थे, हेच!" लोक चित्राकडून बाबांकडे आणि बाबांकडून चित्राकडे बघू लागले. बाबा हलले नाहीत.

आई पुढे झाली. तिने बराच वेळ पाहिलं. मग ती कुणाला न सांगता, चित्रालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "मले वाटे, रागात राह्यते हा माणूस. हा तं आयकून राह्यला."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात दाढीवाले एक गृहस्थ, बहुतेक परीक्षक, सरांना खांबाआडून काढून पुढे घेऊन आले. त्यांच्या हातात सरांनी भरून दिलेला कागद होता. "मूळ चित्र तुम्ही पॅरिसला बघितलंत, असं इथे लिहिलंय," ते कौतुकाने म्हणाले. "या विद्यार्थ्यांना जरा सांगा ना, तिथे समोर उभं राहिल्यावर काय वाटलं?"

सरांनी तोंड उघडलं. "मी त्या दालनात प्रवेश केला आणि..."

त्यांची नजर बाबांवर गेली. भिंतीवर एक बाबा आणि खाली एक बाबा, दोघंही तसेच बघत होते. सरांच्या कपाळावरून घाम कोटावर टपकला. मी मनात म्हणत होते, सर, बोला. बोलून टाका.

"नाई," सर म्हणाले. "मी नाई गेलतो. थे फार्मात लिहिलेलं खोटं आहे. हात सवयीनं चालला." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडीघडीने झिजलेला कॅलेंडरचा कागद काढला आणि उघडून सगळ्यांसमोर धरला. "मी हे पाह्यलं. वीस वर्षं. अन् या शेटजीले पाह्यलं, सहा महिने. बस, एवढंच पाह्यलं आहे मी."

कुणीतरी मागे हसलं. दाढीवाले गृहस्थ तो कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी तो पुन्हा घडीवर घडी करून सरांना परत दिला, दोन्ही हातांनी. बक्षीस दुसऱ्याच चित्राला मिळालं. ते या कारणाने की दुसऱ्या, आम्हाला कधी कळलं नाही. पुढे आमचं चित्र कुणीतरी मुंबईला नेलं. त्यानंतर मी ते पाहिलेलं नाही.

परतीच्या गाडीत सर आमच्याबरोबरच होते आणि त्यांना एका जागी बसवत नव्हतं. दारापाशी जात, परत येत, अनोळखी माणसांना सांगत, "मी पॅरिसले गेलतो नाई, बरं का!" लोक म्हणत, "बरं." सर हसत. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग कुठं गेलते?" सर म्हणाले, "अकोल्याले!" आणि इतक्या मोठ्याने हसले की आईने पदर तोंडाला लावला. बाबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

सिंदीच्या पुढे सर धाडकन माझ्यासमोर येऊन बसले. एक डोळा मिटला, अंगठा वर आला.

"शेटजी!" ते ओरडले. "हिच्यातबी आहे! वेगळं आहे, पण आहे! बेटा, सोमवारपासून दोन ते चार तू बस."

आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मला आनंद झाला होता, खोटं का बोलू? पण मी म्हणाले, "मला नाही जमायचं, सर. दोन ते चार मला दुकान आहे."

बोलून गेले आणि मग घाबरले. आई माझ्याकडे बघत होती. सर बाबांकडे बघत होते. मी खाली बघत राहिले.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "तिले दुकान आहे."